बारा घरांचा झगा

बाई कुणाकडेही पाहायच्या ते आधी त्याच्या खांद्यांकडे. चेहरा नंतर. गावात नवा मास्तर येवो, कुणाची सून येवो, बाईंची नजर एका खांद्यावरून निघून दुसऱ्या खांद्यापर्यंत जायची आणि मग त्या हसायच्या. मापाची पट्टी त्यांच्या गळ्यात कायम असे, पण ती कुणाच्या अंगाला लागलेली मी फारशी पाहिली नाही. "पट्टी गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी हाय," त्या म्हणायच्या. "माप डोयात असते." आणि खरोखर, त्यांनी शिवलेला शाळेचा गणवेश कधी कुणाला काखेत काचला नाही.

वरवट बकालपासून बरंच आत, सातपुड्याच्या अंगाला आमचं गाव. तिथे आमची बारा ख्रिस्ती घरं होती आणि पत्र्याच्या छपराचं एक देऊळ होतं; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. पाळक, म्हणजे आमचा धर्मगुरू, महिन्यातून एकदा बाहेरून येई. उरलेले रविवार बाईंचे. त्या लग्नाच्या भानगडीत पडल्या नव्हत्या. कुठल्याशा मिशनच्या बोर्डिंगात शिवण शिकून त्या आमच्या गावात आल्या आणि राहिल्या. आठवडाभर झंपर, परकर, गणवेश शिवायच्या आणि रविवारी आम्हा पोरांना देवळात बसवून बायबलातलं शास्त्र शिकवायच्या. सगळं गाव त्यांना नुसतं बाई म्हणे. पाठीमागे आम्ही पोरं घुंगरूबाई म्हणत असू, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

घुंगरूबाई म्हणण्याचं कारण एक पत्र्याची पेटी. पोळा झाला की त्यानंतरच्या एका रविवारी बाई ती पेटी देवळात आणायच्या. आत एक पोशाख असे. हजारो वर्षांपूर्वी इस्राएल लोकांचा मुख्य याजक, म्हणजे त्यांचा सर्वांत मोठा पुजारी, जसा पोशाख घालून देवाच्या मंडपात जाई, तसा. शास्त्रात त्याचं वर्णन आहे, पानंच्या पानं आहेत. सोनं, किरमिजी सूत, तलम ताग, बारा रत्नं. बहुतेक लोक ती पानं उलटून पुढे जातात. बाईंना मात्र सगळ्या शास्त्रात तीच पानं सर्वांत जास्त आवडायची. "देवानं बाकी सारं बोलून केलं," त्या म्हणायच्या, "पण कपड्याचं मात्र शिंप्यावानी सांगतलं. कुठं काज, कुठं काठ, सारं."

सोनं आणि रत्नं आमच्या तालुक्यात कुठून येणार? बाईंनी ते सगळं मांजरपाटावर निभावून नेलं होतं. आत लांब पांढरा झगा, त्यावर निळा बिनबाह्यांचा अंगरखा. डोक्याला पांढरं पागोटं आणि त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, चिंचेनं घासून चकचकीत केलेली पट्टी. छातीवर चौकोनी तुकडा आणि त्यावर कुणाकुणाच्या जुन्या कोटांची बारा बटणं, चार ओळींत तीन तीन. प्रत्येक बटणाखाली रेशमानं भरलेलं एक आडनाव. शास्त्रात तिथे इस्राएलाच्या बारा वंशांची नावं आहेत. बाईंनी आमच्या बारा घरांची भरली. "त्यायचे वंश बारा, आपली घरं बारा. देवानंच जमवलं, म्या काय केलं?" असं त्यांचं त्यावरचं म्हणणं.

तीच नावं दोन्ही खांद्यांवर पुन्हा होती, सहा इकडे, सहा तिकडे. मी एकदा विचारलं, "बाई, दोनदा काऊन?" त्या टाका घालता घालता म्हणाल्या, "खांद्यावरची वजन उचलाले. छातीवरची इसरू नये म्हून. नुसतं उचलणारा हमाल असते बाबू, अन् नुसतं आठवणारा बसून राह्यते. याजकाले दोन्ही करा लागते."

हा पोशाख घालायचा मान माझा. दहाव्या वर्षापासून माझाच. माझ्यापेक्षा हुशार पोरं होती, मोठ्यानं प्रार्थना म्हणणारी होती, पण बाईंनी पहिल्याच वर्षी सगळ्यांना ओळीत उभं करून खांदे पाहिले आणि माझ्यासमोर थांबल्या. "ह्याचे खांदे सरय हायत. नावं घसरणार नाईत." त्या वाक्यानं मी इतका फुगलो की आठवडाभर छाती काढून चालत होतो. आज वाटतं, बाईंचं माप आयुष्यात एकदाच चुकलं आणि ते त्या दिवशी.

अंगरख्याच्या खालच्या घेरावर एक डाळिंब आणि एक घुंगरू, एक डाळिंब आणि एक घुंगरू, असं सगळीकडून लावलेलं होतं. डाळिंबं चिंध्या भरून केलेली. निळी, जांभळी, लाल. प्रत्येक घरातल्या कापडाचा तुकडा त्यात होता. आमच्या घरचा तुकडा आईच्या लग्नातल्या झंपराचा. घुंगरू मात्र शेजारच्या गल्लीतल्या नारायणकाकांच्या बैलाचे. काकांचा म्हातारा बैल गेला, तेव्हा त्याची पोळ्याची घुंगरमाळ त्यांनी बाईंना आणून दिली. "तुमच्या देवाले चालते का बैलाचं?" काकांनी विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "ज्यानं जन्मभर ओढलं, त्याचंच पायजे."

घुंगरांचा अर्थ बाई दर वर्षी सांगायच्या आणि आम्ही दर वर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकायचो. याजक पडद्याआड देवासमोर जातो. बाहेर सगळे लोक उभे असतात. त्यांना आतलं काही दिसत नाही. "मंग आतला माणूस जित्ता हाय का मेला, बाहेरच्याले कसं समजन?" बाई विचारायच्या. "घुंगराचा आवाज येऊन राह्यला, म्हंजे जित्ता हाय. आपली नावं घेऊन अजून उभा हाय." मग देवळात एक चादर आडवी बांधायची, मी पोशाख घालून तिच्यामागे चालायचं आणि बाकीच्या पोरांनी कान देऊन बसायचं. एका वर्षी मला मस्ती आली. मी आत मधोमध थांबलो, श्वाससुद्धा रोखला. बाहेर क्षणभर सगळं गप्प. मग एक पोरगी रडायला लागली आणि बाकीचे ओरडले, "मेला, मेला!" मी हसत बाहेर आलो. बाई हसल्या नाहीत. "आवाज बंद कराची मस्करी नाई कराची बे," एवढंच म्हणाल्या. त्या मला 'बे' म्हणाल्या त्या त्याच एका वेळी.

याजकाला नेमायचा विधीही त्या करून दाखवायच्या. आधी पाण्यानं धुणं, मग कपडे चढवणं, मग डोक्यावर तेल. शेवटी बळीच्या मेंढ्याचं रक्त उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला. रक्ताच्या जागी बाईंनी अंगणवाडीतून जखमेवरचं लाल औषध मागून आणलं होतं. "कान ऐकासाठी, हात करासाठी, पाय जासाठी," असं म्हणत त्यांनी मला तीन ठिकाणी ते लावलं. झालं असं, की ते काही निघेना. मी तसाच घरी गेलो. आईनं कानाला लाल, हाताला लाल, पायाला लाल पाहिलं आणि बोंबच मारली. बाबांनी मला सायकलवर टाकून थेट वरवट बकालच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी उलटसुलट तपासलं आणि म्हणाले, "अहो, हा पडला तरी कसा? कान, हाताचा अंगठा अन् पायाचा अंगठा, मधे कुठंच काही नाही!" ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं गावात चालली. बाई स्वतःच ती सांगायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. त्या वेळी त्यांना आणि मलाही वाटत होतं, की माझं नेमणं झालं आहे, फक्त मोठं व्हायचं बाकी आहे.

आमच्याकडचं पाणी खारं. विहिरीचं खारं, हापशाचं खारं. साबणाचा फेस होत नाही, डाळ शिजत नाही, पांढरं कापड चार धुण्यांत पिवळं पडतं. माणसंही तेच पाणी पिऊन आतून बिघडत जातात, पण ते उशिरा कळतं. बाई स्वतः जन्मभर ते पाणी प्यायल्या. पेटीतला झगा धुवायला मात्र त्या पावसाचं पाणी दोन पिंपांत साठवून ठेवायच्या. कांताबाई त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. अंगणवाडीत मदतनीस होत्या, घर बौद्धांचं. त्या एकदा म्हणाल्या, "बाई, प्याले तरी घ्या त्यातलं एक तांब्या. मेल्यावर झगा घालणार हाय का कोणी?" बाई म्हणाल्या, "कांता, मी खारी झाली तं चालते. त्याच्यावर बारा घरं हायत."

ती बारा घरं एकेक करत निघाली. कुणाचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला, कुणी सुरतेला गेलं, कुणी नाशिकला. कुणाच्या घरात मूत्रपिंडाचं दुखणं शिरलं आणि ते दवाखान्याजवळ राहायला गेले ते गेलेच. निघताना प्रत्येक जण बाईंच्या पाया पडायला यायचा. बाई त्यांच्या खांद्यांवर हात ठेवायच्या, प्रार्थना करायच्या आणि रडायच्या नाहीत. माझ्या आईनं एकदा त्यांना ते बोलूनही दाखवलं. तेव्हा त्यांनी अहरोनाची गोष्ट सांगितली. तो पहिला याजक. त्याचे दोन तरणे मुलगे एकाच दिवशी देवासमोर जळून मेले आणि त्याला सांगण्यात आलं, शोकानं कपडे फाडायचे नाहीत, केस मोकळे सोडायचे नाहीत, कारण तुझ्या अंगावर अभिषेकाचं तेल आहे. "मंग तो काय बोलला बाई?" आईनं विचारलं. "काईच नाई बोलला," बाई म्हणाल्या आणि पुन्हा मशीन फिरवायला लागल्या.

गेलेल्या घरांची नावं त्यांनी उसवली नाहीत. मी एकदा सुचवलं होतं. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मी पाळक व्हायचं हे माझ्यापेक्षा बाईंनी आधी ठरवलं होतं, पण तो दोष त्यांच्यावर ढकलणार नाही. मलाही हवंच होतं. बारावीनंतर मी पाळकाचं शिक्षण घ्यायला शहरात गेलो. जाण्याआधी बाईंनी झगा सगळा उसवला आणि माझ्या मापानं नव्यानं जोडला. शिवणीच्या आत दोन्हीकडे कापड राखलं. "माणूस वाढते," त्या म्हणाल्या. शिक्षण संपलं. आमच्याच देवळात माझ्या डोक्यावर हात ठेवून दीक्षा द्यायचं ठरलं, कारण गावाला कायमचा पाळक हवा होता आणि मी गावचाच. मोठे पाळक आधी येऊन पाहून गेले. बाईंनी त्यांना पोशाख दाखवला. ते चांगले गृहस्थ होते, पण हसले. "बाई, हे सगळं जुनं झालं. आता पांढरा साधा झगा पुरतो." बाई म्हणाल्या, "पांढरा वरून घालन तो. आत हा घालू द्या. पोशाख जुना झाला असन साहेब, नावं तं जुनी नाई झाली." साहेबांनी मान डोलावली.

मग बाईंनी मला एक गोष्ट मागितली. जुन्या काळी याजकाला नेमताना तो सात दिवस मंडपाच्या दारात बसून राही, तिथून हलत नसे. "तूही बस," त्या म्हणाल्या. "सात दिवस. देवाले पाहू दे तुले. गावालेबी पाहू दे." आमच्यात अशी काही रीत नाही. बाईंच्या मनातली ती रीत. मी हो म्हणालो आणि रविवारी दुपारी देवळाच्या पायरीवर जाऊन बसलो.

पहिले दोन दिवस बरं वाटलं. लोक जाता-येता थांबायचे, नारायणकाका तंबाखू मळत गप्पा मारून गेले. तिसऱ्या दिवसापासून कुणी थांबेना; सगळ्यांना आपापली शेतं होती. बाई मात्र दिवसातून तीनदा भाकर-भाजी घेऊन यायच्या, समोर बसायच्या, मी जेवलो की डबा धुऊन घेऊन जायच्या. चौथ्या दिवशी मी बसल्या बसल्या आमची घरं मोजली. बारांतली चार उरली होती. त्यांतल्या दोन घरांत म्हातारी माणसं आणि एका घरात जायची बांधाबांध. राहिलं माझं घर. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की माझी मंडळी म्हणजे ही एक बाई आहे, हातात डबा घेतलेली. जन्मभर मी या पायरीवर बसणार, ही येणार, आणि एक दिवस हिचंही येणं थांबणार. मला इतकी भीती वाटली की तशी पुन्हा कधी वाटली नाही. सहाव्या दिवशी सकाळची भाकर खाऊन मी उठलो, फाट्यापर्यंत चालत गेलो आणि एसटीत बसलो.

दुपारी बाई डबा घेऊन आल्या तेव्हा पायरी रिकामी होती. हे मला पुढे कांताबाईंनी सांगितलं. बाई डबा मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत तिथेच बसल्या, म्हणे. नंतर डबा त्यांनी कांताबाईंच्या पोरांना दिला.

मला बुलढाण्याला नोकरी लागली. फायली, बदल्या, लग्न, मुलं. पायरीवरून उठून गेल्याला दोन वर्षं झाली तेव्हा धीर करून गावी गेलो आणि बाईंच्या दारात उभा राहिलो. त्यांनी मला पाहिलं, आधी खांद्यांकडे, मग तोंडाकडे, आणि म्हणाल्या, "जेवला का?" बस. पुढे वर्षातून एकदा-दोनदा मी जात राहिलो आणि दर वेळी तेच. शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित सुटलो असतो. एकदाच, फक्त एकदाच, ती लाल औषधाची गोष्ट निघाली. सगळे हसलो. हसता हसता बाई म्हणाल्या, "कानाले लागलं होतं, हाताले लागलं होतं. पायालेच पक्कं लागलं नसन." आणि चहा टाकायला आत गेल्या. मी पायांकडे पाहत बसलो.

माझ्या जागी दुसरा कोणी आला नाही. महिन्याला येणारा पाळक तीन महिन्यांनी यायला लागला. मधल्या काळात आजाऱ्यापाशी कोण बसलं? बाई. कोणाच्या मयताला अंघोळ कुणी घातली? बाईंनी. सुरतेच्या घरात नातू झाला, पुण्याच्या घरात सून गेली, हे सगळं आठवणीत ठेवून रोज नावानिशी प्रार्थना कोण करत होतं? सगळं याजकाचं काम ही बाई करत होती आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायला कुणी तयार नव्हतं. आमच्यात त्या काळी बायांवर हात ठेवत नसत. मी लहानपणी विचारलंही होतं, "बाई, तुम्हीच काऊन नाई घालत हा पोशाख?" त्यांनी दातानं दोरा तोडला. "मले कोणी घाल म्हटलं नाई ना बाबू." मी पोरगा होतो, मला वाटलं त्या थट्टा करताहेत. ज्यांचे खांदे खरोखर सरळ होते, ते आमच्या समोर मशीनवर वाकलेले होते, आणि बारा घरांत ते कुणाला दिसलं नाही. मला तर नाहीच.

शेवटची तीन वर्षं त्या एकट्याच होत्या. नोकरी लागल्यावर मी आई-बाबांनाही बुलढाण्याला आणलं होतं. देवळाला कुलूप. बाईंच्या पायांना सूज असे, काठी घेऊन चालत. काठीच्या मुठीखाली त्यांनी घुंगरू बांधले होते, बरेच. चालल्या की छुमछुम. मी हसून म्हटलं, "बाई, या वयात लेझीम?" त्या म्हणाल्या, "कांतासाठी हाय. ती भिंतीपलीकडून ऐकते. आवाज येऊन राह्यला म्हंजे बाई हाय." कांताबाई म्हणाल्या, "हाव ना बाप्पा. सकायी उठली का पहिले कान भिंतीले. वाजलं का मंग चहा ठेवते." घुंगरू कुठून आणले हे मी विचारलं नाही. बाजारात मिळतात, असं धरून चाललो.

मागच्या उन्हाळ्यात कांताबाईंचा फोन आला. "येऊन जा. बाई जेवत नाईत." मी सकाळच्या गाडीनं निघालो, पोचायला दुपार झाली. बाई खाटेवर होत्या, अगदी एवढ्याशा झालेल्या. मला म्हणाल्या, "जेवला का?" मग खाटेखालच्या पेटीकडे बोट केलं. आणि मला अहरोनाच्या मरणाची गोष्ट सांगायला लागल्या. मला ती ठाऊक होती, पण त्यांना मधे थांबवणं जमलं नाही. म्हाताऱ्या अहरोनाला डोंगरावर नेतात. त्याच्या अंगावरचे याजकाचे कपडे उतरवतात आणि तिथेच, त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्या मुलाच्या अंगावर चढवतात. मग तो मरतो. "आधी कपडे, मंग मरण," बाई म्हणाल्या. "मले कोणी घातलेच नाईत, तं उतरवाचं काई नाई. पण एकदा तुह्या अंगावर पाहू दे. पाळक नको होऊ. नुसता घाल. मंग मी मोकयी."

एवढंच मागितलं त्यांनी. एक पोशाख अंगावर चढवायचा, दोन पावलं चालायचं. पाच मिनिटांचं काम. मी काय केलं? मी पोटावर हात ठेवून हसलो. "बाई, आता मला कुठला होतो तो! ढेरी बघा." त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "होते." मी म्हणालो, "पुढच्या रविवारी येतो, बायको-पोरांना घेऊन येतो, मग सगळ्यांसमोर घालतो." खरी गोष्ट अशी, की ते कपडे घालून त्या बाईसमोर उभं राहायची माझी लायकी नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि ते कबूल करण्यापेक्षा ढेरीचं निमित्त सोपं होतं. चारच्या गाडीनं मी परत निघालो. बाहेर पडताना आतून काठीचा आवाज आला. त्या उठून दारापर्यंत येत होत्या. मी मागे वळलो नाही.

बाई शुक्रवारी गेल्या. कांताबाईंनी सकाळी भिंतीला कान लावला, वाट पाहिली, पुन्हा लावला, मग धावत गेल्या. मातीला आम्ही सतरा माणसं होतो. त्यांत आमच्या बारा घरांतला मी एकटा. बाकीच्यांना फोन केले होते, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. नारायणकाकांच्या नातवांनी खड्डा खोदला. पाळक उन्हात दुरून आले, थोडक्यात प्रार्थना झाली. काठी सोबत ठेवा, असं बाईंनी कांताबाईंना सांगून ठेवलं होतं. कांताबाईंनी ती स्वतःच्या हातानं शवपेटीत बाईंच्या कुशीला ठेवली. झाकण ठोकताना आतून घुंगरू वाजले आणि कांताबाईंनी हंबरडा फोडला.

दुसऱ्या दिवशी घर आवरायला मी थांबलो. कांताबाई बाहेर ओट्यावर डाळ निवडत बसल्या होत्या. मी आतल्या खोलीत गेलो, जुन्या लुगड्याचा पडदा होता तो ओढून घेतला आणि खाटेखालून पेटी काढली. झगा वरच होता, पांढराशुभ्र, घडीवर घडी. उचलल्यावर तो मला जड लागला. आतली शिवण पाहिली तेव्हा कळलं. दोन्ही कुशींना कळ्या, म्हणजे घेर वाढवायच्या उभ्या पट्ट्या, जोडलेल्या होत्या, एकीला लागून एक. प्रत्येक कळीचं पांढरं वेगळं. एक मांजरपाटाचं, एक टेरिकॉटचं, एक कुठल्या उशीच्या खोळीचं. वर्षातून एकदा-दोनदा मी यायचो, बाई माझ्या खांद्यांवरून नजर फिरवायच्या, जेवला का विचारायच्या, आणि मी गेल्यावर झगा उसवून तेवढा मोठा करायच्या. माझ्या प्रत्येक भेटीचं माप त्यात होतं. शेवटच्या कळीची शिवण वेडीवाकडी होती. ती त्याच आठवड्यातली.

मी शर्ट काढला आणि झगा घातला. वरून निळा अंगरखा घातला. बारा बटणं छातीवर नीट बसली. पोटावर कुठे ताण नाही, काखेत काच नाही. इतकं मापाचं कापड माझ्या अंगाला जन्मात कधी लागलं नव्हतं. बारा नावं खांद्यांवर आली आणि मी खाटेची कड धरली. बाई, तुम्ही म्हणाला होतात, 'होते.' रविवार उद्याच होता. मला एक गाडी चुकवता आली नाही.

मग बाईंसाठी म्हणून, उशिरा का होईना, मी चालायचं ठरवलं. खाटेपासून भिंतीपर्यंत गेलो आणि परत आलो. काहीतरी चुकत होतं, ते लगेच लक्षात आलं नाही. मी खाली वाकून घेर हातात घेतला. एक डाळिंब, मग तुटलेले दोरे. एक डाळिंब, मग तुटलेले दोरे. सगळ्या घेरावर तसंच. घुंगरू एकही नव्हता. सगळे काठीला गेले होते, आणि काठी कालच मातीखाली गेली होती.

मी पुन्हा चाललो. जोरानं पावलं टाकली. कापड फक्त हललं.

बाहेर कांताबाईंच्या सुपाचा आवाज थांबला. तीन वर्षांची सवय. त्या भिंतीकडे कान देऊन बसल्या असणार.

"बाबू," पडद्यापलीकडून त्यांनी हाक मारली, "आत हायेस ना रे? काईच आवाज नाई येऊन राह्यला."